निवडणं, ओरपणं आणि सोऱ्याची चकती

मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्याकडे मेथीचे वार. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, राहत्या घराखालच्या गाळ्यात. गेली १७ वर्षं हे दोन वार काही बदललेले नाहीत. पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून भाजी येते. हिवाळ्यात मेथीच्या १५ जुड्या, पावसाळ्यात जेमतेम ८. दुपारी ३ वाजता तवे उतरले की जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, मधोमध जुड्यांचा ढीग ठेवायचा आणि भोवती आम्ही तिघी बसायचं. मी, पोळ्या करणाऱ्या मावशी आणि माझी धाकटी जाऊ. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची मेथी या बैठकीतून उठून थेट फोडणीत पडते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझा उजवा अंगठा दुखायला लागला. आधी कुकरचं झाकण लावताना, मग कुलपात किल्ली फिरवताना, मग नुसतं दुधाची पिशवी उचलतानाही. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा वर जो सांधा असतो तो झिजला होता. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात पक्की बसली. चिमटीत काही धरलं की बोटाच्या टोकाला लावलेला जोर त्या मुळाच्या सांध्यावर कितीतरी पटींनी पडतो. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर चिमटीत काय धरता?"

मी घरी येऊन मोजलं. मेथीच्या एका जुडीत ६५ काड्या निघाल्या. एका काडीला चार-पाच वेळा चिमूट लागते. म्हणजे जुडीमागे ३०० चिमट्या. १५ जुड्या तिघींत वाटल्या तर माझ्या वाट्याला १५०० येतात. आठवड्यातून दोनदा, १७ वर्षं. कोथिंबीर, लसूण, मटार, गवार यांचा यात हिशेबच नाही.

त्याच डिसेंबरात भाची आली. ती जर्मनीत ब्रेमेनला असते. तिकडे थंडीत कुरळ्या पानांची, कोबीच्या कुळातली एक भाजी भरपूर खातात, तिला ग्र्युनकोल म्हणतात. तिच्या पानाची मधली शीर बोटाएवढी जाड असते आणि ती काढून टाकावी लागते. त्यासाठी आणि थाइम, रोझमेरीसारख्या बारीक पानांच्या काड्यांसाठी तिकडे एक पट्टी मिळते. भाचीने ती माझ्यासाठी आणली. तळहाताएवढं स्टेनलेस स्टीलचं पान, त्याला लहानापासून मोठ्यापर्यंत ९ भोकं आणि एका बाजूला गोलसर धार. काडीचं बूड भोकात घालायचं, पलीकडून ओढायचं, पानं अलीकडे राहतात. "मावशी, तुझ्या मेथीला चालते का बघ," म्हणाली. मी त्याच दुपारी घेऊन बसले.

पहिली काडी बारीक भोकात घातली आणि ती मधेच तुटली. दुसरीही. मग एक भोक मोठं घेतलं, तर काडीबरोबर पानंही सुरळी होऊन पलीकडे गेली. पाव जुडी अशी वाया घालवल्यावर ताल सापडला. बुडाशी काडी जेवढी जाड असते त्याहून अगदी थोडंसं मोठं भोक घ्यायचं. ओढायचं ते एका झटक्यात नाही, पण थांबतही नाही. आधी मुळं विळीवर कापून टाकायची, जुडीचा दोरा न सोडता, म्हणजे सगळी बुडं सारखी राहतात आणि भोकात पटकन शिरतात. आणि मेथी कोरडी हवी. धुतलेली मेथी भोकाला चिकटून चिखल होतो.

हे जमल्यावर जी गोष्ट दिसली ती मला फार आवडली. काडी ओढत ओढत शेंड्याकडे गेली की एका ठिकाणी ती आपोआप तुटते. जून देठ माझ्या हातात राहतो आणि कोवळा शेंडा पानांच्या ढिगात पडतो. आपण हाताने निवडताना हेच तर करतो! काडी वाकवून बघायची, जिथे कट्कन मोडेल तिथून वरचं भाजीत, जिथे नुसती वाकेल आणि तुटणार नाही तिथून खालचं टाकायचं. माझ्या आईने मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवलेली ही परीक्षा त्या पत्र्याच्या भोकाला आपसूक येते.

पण बाकी काहीच येत नाही. पिवळं पान, अळीने खाल्लेलं पान, जुडीत लपलेलं गवत, फुलावर आलेली काडी, सगळं सारख्याच मायेने ढिगात जातं. फुलावर आलेली मेथी तर एकदम वेगळी लागते. पांढरट फुलं दिसायला लागली की पानं राठ होतात आणि कडवटपणा वाढतो, अशा काड्या मी वेगळ्या काढून पराठ्याला लावते. पट्टीला हे कळायचं कारण नाही.

यावर विचार करताना लक्षात आलं की आपल्या भाषेने हा फरक कधीच करून ठेवला आहे. मेथी आपण *निवडतो*. तांदूळ निवडतो तशी, एकेक बघून, हे घे आणि ते टाक. शेवग्याचा पाला आपण *ओरपतो*, मुठीत काडी धरून सरकन ओढतो आणि मुठीत जे उरेल ते आपलं. चवळीचे, भोपळ्याचे कोवळे शेंडे *खुडतो*. अळूचे देठ *सोलतो*. प्रत्येक पालेभाजीला तिच्या देठाच्या स्वभावाप्रमाणे वेगळं क्रियापद आहे. ती भोकाची पट्टी ओरपायचं हत्यार आहे. तिच्याकडून निवडण्याची अपेक्षा केली की माणूस चिडतो, ओरपायला दिली की ती झक्क काम करते. मला हे समजल्यावर माझी पद्धत बदलली. आता एकीने पट्टीवर ओरपायचं, दुसरीने तो पानांचा ढीग ताटात पसरून निवडायचा. पसरलेल्या पानांतलं पिवळं पान लगेच दिसतं, काडीवर ते लपतं.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे सांगते. हाताने एक जुडी मला ११-१२ मिनिटं घेते. पट्टीवर ओरपायला ६, वर निवडायला ३. म्हणजे जुडीमागे दोन-तीन मिनिटं वाचतात. घरी आठवड्यातून एक जुडी आणणाऱ्या बाईने एवढ्यासाठी पट्टी घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण ३०० चिमट्यांच्या ६५ झाल्या, आणि माझ्यासाठी हिशेब तोच आहे.

त्या ६५सुद्धा आता चिमटीत घेत नाही. पट्टी उजव्या हातात, पूर्ण मुठीत, आणि काडी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरून ओढते, अंगठा न लावता. पहिले चार दिवस अवघड गेलं. आता हात तसाच पडतो.

पट्टीवर घरातल्या दोघांनी काम केलं. पहिले माझे यजमान. ते डोंबिवली एमआयडीसीत टूलरूममध्ये २८ वर्षं फिटर होते. मी काड्या तुटतात म्हणून कुरकुरत होते तेव्हा त्यांनी पट्टी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी भोकांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तू उलटीकडून घालतेयस." पत्र्याला प्रेसवर भोक पाडलं की पंच ज्या बाजूने आत शिरतो त्या बाजूची कड जरा गोल दबते, आणि ज्या बाजूने बाहेर पडतो तिथे बारीक धारेची बर उभी राहते. ती बर पानांच्या बाजूला आली तर काडी कापते. गुळगुळीत बाजू पानांकडे ठेवली की काडी घसरत जाते. नखाने सहज कळतं, बर असलेल्या बाजूला नख अडतं. त्यांनी मग ती बर पॉलिश पेपरने घासून काढली आणि पट्टी दोनदा साबणाने धुऊन दिली. त्या दिवसापासून पुदिनासुद्धा तिच्यावर काळा पडायचा कमी झाला. पान चिरडलं की आतला रस हवेला लागतो आणि काळा पडतो, कापलेलं वांगं पडतं तसा. बर गेली, चिरडणं कमी झालं.

दुसऱ्या मावशी. त्या साताऱ्याकडच्या, माझ्यापेक्षा १० वर्षांनी मोठ्या, आणि नवीन वस्तूकडे आधी पूर्ण एक आठवडा नुसतं बघणाऱ्या. आठवड्याने एका दुपारी त्यांनी पट्टी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ताई, ही तर आपल्या सोऱ्याची चकती की!"

मी उठून फडताळातून पितळी सोऱ्या काढला. सासूबाईंचा आहे, त्याबरोबर पाच चकत्या आहेत. बारीक शेवेची, मध्यम शेवेची, जाड शेवेची, चकलीची चांदणी आणि पापडीची फट असलेली. जाड शेवेच्या चकतीची भोकं मेथीच्या काडीला जणू मापून पाडलेली. शिवाय पितळ जाड, भोकाच्या कडा वर्षानुवर्षांच्या पिठाने घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या की काडी तुटायचं नावच नाही. जर्मनीहून आलेल्या पट्टीपेक्षा मेथी हिच्यावर चांगली निघाली. हे मी भाचीला फोन करून सांगितलं, तिलाही आनंद झाला.

एक अडचण होती. चकती लहान, ती धरायला पुन्हा चिमूटच लागते. त्यावरचा उपायही सोऱ्यातच होता. सोऱ्याच्या तळाला आट्यांचं झाकण असतं, ज्यात चकती बसते. ते फिरवून काढायचं, चकती आत बसवायची आणि ते झाकणच मुठीत धरायचं. जाड, वजनदार, मुठीत भरून राहणारं. अंगठ्याला काहीच काम नाही.

तुमच्या घरी पुरणयंत्र असेल तर त्याच्या जाळ्याही बघा. आमच्या पुरणयंत्राला दोन जाळ्या आहेत. बारीक जाळी निरुपयोगी, मोठ्या भोकांची कढीपत्त्याला चालते. बुंदीचा झारा मी वापरून पाहिला, त्याला दांडा असल्यामुळे धरायला सगळ्यात सोपा, पण भोकं सगळी एकाच मापाची आणि खोलगट भागात पानं अडकून बसतात. दांडा असलेली सपाट जाळी कुणी बनवली तर ती मी पहिली घेईन.

आता शेवग्याबद्दल सांगते, कारण त्याला यातलं काहीच लागत नाही आणि ते मला आजही नवल वाटतं.

सासूबाई मालवणकडच्या. तिकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी हवीच. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि ही भाजी. आमच्याकडे त्या दिवशी मागणी इतकी असते की पाल्याचे चार मोठे भारे आणावे लागतात. शेवग्याचं एक पान म्हणजे फांदीसारखं, त्याला उपफांद्या, त्यांना पुन्हा बारीक काड्या आणि त्या काड्यांना नखाएवढ्या टिकल्या. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी एकेक काडी ओरपत बसले होते, रात्री १२ वाजले तरी अर्धा भारा शिल्लक. सासूबाई आल्या, माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं, पाला एका जुन्या सुती साडीत घट्ट गुंडाळला आणि म्हणाल्या, "झोप जा. तो आपला आपण निवडतो."

पहाटे त्यांनी ते गाठोडं परातीवर उघडलं आणि फांद्या धरून झटकल्या. सगळ्या टिकल्या पाऊस पडावा तशा खाली. देठ उघडे हातात.

फांदी तुटली आणि पाला कोंडून ठेवला की पानांतून निघणारा एथिलीन वायू आतच साठतो, आणि पानाच्या देठाशी जो नैसर्गिक सांधा असतो तो त्याने सुटतो. झाड जुनी पानं गाळतं तेव्हा जे घडतं तेच गाठोड्यात एका रात्रीत घडवून आणायचं. पाला कोरडा असावा, ओला असला तर सकाळी काळा आणि चिकट होतो. आणि रात्रीच्या वर ठेवायचा नाही, नाहीतर पिवळा पडतो. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. गाठोडं अजून त्याच बांधतात, दुसऱ्या कुणाची गाठ त्यांना सैल वाटते.

हाच प्रयोग मी कढीपत्त्यावर केला. त्याची पानं अशी गळत नाहीत निदान एका रात्रीत तरी. पण कढीपत्त्याला मुळात अडचणच नाही. शेंड्याला धरायचं आणि दोन बोटं बुडाकडे सरकवायची, एका ओढीत सगळी पानं. पट्टी काढण्याआधी मावशींचे तीन देठ झालेले असतात.

अंबाडीची गोष्ट वेगळी. धाकटी जाऊ लातूरची, तिच्यामुळे आमच्याकडे गुरुवारी अंबाडी सुरू झाली. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे घालून शिजवलेली आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. मुंबईच्या आजूबाजूला मराठवाड्याची किती माणसं राहतात ते मला या भाजीच्या डब्यांवरून कळलं. अंबाडीच्या खोडाच्या सालीत धागा असतो, त्याच धाग्याचे दोर वळतात. त्यामुळे वरून खाली पान ओढलं की पानाबरोबर सालीची लांबच लांब चिंधी निघते आणि ती भाजीत गेली तर दाताखाली दोरी येते. बुडाकडून भोकात घालून ओढलं की हा त्रास होत नाही, कारण पान शेंड्याच्या दिशेने मोडतं, साल सोलत खाली येत नाही. खोडही तुटत नाही, कितीही ओढा. पट्टीच्या सगळ्यात मोठ्या भोकाचं सोनं इथे झालं. पानाचा लांब देठ मात्र पानाला तसाच राहतो, तो खुडावाच लागतो. जाऊ म्हणते, तेवढं काम राहिलं म्हणूनच बोलायला वेळ मिळतो.

पुदिन्याला पट्टी उत्तम. काडी चौकोनी, टणक, पानं जोडीजोडीने समोरासमोर. मधल्या भोकातून सरसर निघतो. हिरव्या चटणीच्या दिवशी दहा जुड्या असतात, तेव्हा मला ती पट्टी आणणारी भाची आठवतेच.

शेपूवर मात्र कुणीही हे चालवू नये. मी चालवला आणि हिरवा लगदा हाती आला. शेपूची पानं म्हणजे केस, त्यांना ओरपायला देठाशी धरच नसतो. जाड देठ हाताने मोडून टाकायचे, बाकी सगळं विळीवर बारीक चिरायचं. लाल माठाचे कोवळे देठ टाकणं म्हणजे अर्धी भाजी टाकणं. आणि कोथिंबीर! कोथिंबिरीची नुसती पानं काढून देठ फेकणारी माणसं मी पाहिली आहेत, मला ते बघवत नाही. वास देठात आहे. आमटीत, वाटणात, मसालेभातात देठासकटच जायला हवी. मुळं कापा, पिवळी पानं काढा, झालं. समुद्रमेथी तर बोटाएवढी, वाळूत उगवलेली, तिची नुसती मुळं कापून सगळीच्या सगळी भाजीत जाते. तिथे खरं काम वाळू काढण्याचं.

पाच पात्यांची कात्रीही माझ्याकडे एका प्रदर्शनातून आली. एकदा वापरली. दोन पात्यांमध्ये कोथिंबीर अडकते, ती काढायला टोकदार काहीतरी लागतं आणि तेवढ्या वेळात विळीवर चार जुड्या होतात. ती आता मुलीच्या चित्रकलेच्या खोक्यात आहे, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या फार सुंदर निघतात.

धुण्याबद्दल एकच सांगते. निवडल्यानंतर खोल पातेल्यात भरपूर पाणी घ्या, मेथी त्यात सोडा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि वरच्यावर हाताने उचलून रोवळीत काढा. पातेलं रोवळीवर उपडं करू नका. तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच पडते. पावसाळ्यात हे चार वेळा, हिवाळ्यात तीनदा. शेवटच्या पातेल्याच्या तळावर बोट फिरवून कचकच लागते का बघायचं.

पाणी निथळणं हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे असं माझं ठाम मत आहे. कोथिंबीर वडी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. ओली कोथिंबीर पिठात गेली की पीठ सैल होतं, मग आपण बेसन वाढवतो, मग आणखी थोडं, आणि शेवटी वडी बेसनाची होते, कोथिंबिरीची राहत नाही. आमच्या घरी आई कोथिंबीर पंचात बांधून अंगणात गोफणीसारखी फिरवायची. चार फेऱ्यांत पाण्याचा फवारा उडायचा आणि आम्ही मुलं मुद्दाम त्याखाली उभी राहायचो. मी बरीच वर्षं गच्चीवर तेच केलं. अंगठा दुखायला लागल्यापासून ते जमत नाही, म्हणून भोकांची टोपली आत गरगर फिरते तो प्लास्टिकचा डबा घेतला, वर दाबायचं बटण असलेला. तळहाताने दाबता येतं. यात मात्र मला कसलीही तक्रार नाही. दोन जुड्या एका वेळी, अर्ध्या मिनिटात कोरड्या, आणि खाली साठलेलं पाणी पाहिलं की कळतं हे सगळं वडीत गेलं असतं. शनिवारी आम्ही वडीचे १२ उंडे वाफवतो, आता पीठ मोजून ठरलेलं असतं आणि वडी चिरताना कडा तुटत नाहीत.

काही गिऱ्हाइकं विचारतात, बटाट्याच्या भाजीपेक्षा मेथी महाग का. मी एकदा काटा समोर ठेवून दाखवलं होतं. मुळांसकट जुडी ४३० ग्रॅम, निवडून हाती आलेली मेथी १९०. शिजल्यावर ती मुठीत मावते. त्या मुठीमागे वर्तमानपत्रावर वाकलेल्या तीन पाठी असतात. मावशींना मी मेथी निवडण्याचे पैसे पोळ्यांपासून वेगळे देते, जुडीवर. पट्टी आली तेव्हा धाकटी जाऊ म्हणाली, आता काम लवकर होतं, तासावर करूया का. मी नाही म्हणाले. हत्याराने वाचवलेला वेळ मावशींचा आहे. त्या तो झोपायला वापरतात, साडेचार ते सव्वापाच, गाळ्याच्या मागच्या खोलीत पंख्याखाली. पहाटे ४ ला उठणाऱ्या बाईला दिवसा पाऊण तास झोप मिळते हे मला पट्टीचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

गेल्या दिवाळीत चकल्यांनंतर शेवेचा घाणा काढायला घेतला आणि जाड शेवेची चकती मिळेना. फडताळ उपसलं, पिठाचे डबे हलवले. मग मावशींनी आपली कापडी पिशवी उघडली. चकती त्यात, झाकणासकट, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांच्या सुनेची करंगळी दारात चेमटली होती आणि घरी मेथी निवडायला कुणी नव्हतं, म्हणून आठवडाभर रात्री नेत होत्या, सकाळी परत आणत होत्या. घासून लख्ख केलेली, भोकाभोकात काडीने साफ केलेली. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी चकती हातात घेऊन पाहिली आणि मावशींच्या पिशवीत परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात गेले. जुन्या सोऱ्याच्या मापाची सुटी चकती तीन दुकानांत नव्हती, चौथ्यात मिळाली, झाकणासह. दुकानदाराने विचारलं, शेव कुठली करणार, जाड की मध्यम? मी त्याला पिशवीतली मेथीची काडी काढून भोकात घालून दाखवली.